नकार ऐकण्याचा तास

फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे लिहिलेलं ‘मुलगे’, उजवीकडे ‘मुली’. प्रश्न दोघांनाही एकच: आपल्यावर लैंगिक अत्याचार होऊ नये म्हणून तुम्ही रोज काय काय करता? मुलग्यांची बाजू कोरीच राहते. कुणी हसतं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारतं. मग खडू मुलींकडे जातो आणि उजवी बाजू भरत जाते. सॅक पाठीवरून काढून पोटाशी धरायची. ओढणीला लावलेल्या पिनेखेरीज आणखी एक सेफ्टीपिन बोटांत ठेवायची. रात्रीच्या गाडीत बायकांचा डबा रिकामा दिसला, तर धावत पुढचा डबा गाठायचा. शेअर रिक्षात चालकाशेजारी बसायचं नाही. रिक्षाचा नंबर आईला पाठवायचा. अंधार पडल्यावर फोन कानाला लावून, पलीकडे कुणी नसलं तरी बोलत चालायचं. पुलावर मैत्रीण येईपर्यंत थांबायचं. घरी गेल्यावर ‘पोचले’ असं कळवायचं.

हा सराव रुजवला अमेरिकेतल्या जॅक्सन कॅट्झ यांनी. १९९३ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात त्यांनी खेळाडू विद्यार्थ्यांना हाताशी धरून हिंसाप्रतिबंधाचं प्रशिक्षण सुरू केलं. उजवीकडची यादी मात्र आपली आहे, कल्याण-कसारा मार्गावरची. सकाळच्या गाड्यांतून कसारा, आसनगाव, वासिंद, टिटवाळा, आंबिवली इथली मुलं-मुली शहाडला उतरतात. त्यातली अनेक मुरबाड रस्त्याने बिर्ला महाविद्यालयाकडे जातात. १९७२ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय म्हणजे इथल्या कित्येक घरांतल्या पहिल्या पदवीधराचा पत्ता. काही उल्हासनगरच्या कॉलेजांकडे वळतात, काही पुढे डोंबिवली-ठाण्याला जातात. मुलींच्या शिक्षणाचा हिशेब करताना आपण फी धरतो, पास धरतो, पुस्तकं धरतो. फळ्यावरची ही यादी कुणी त्यात धरत नाही.

कायद्याने यातला काही भाग धरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची लैंगिक छळ प्रतिबंधाची २०१५ची नियमावली मे २०१६ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात ‘परिसर’ या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, कँटीन आणि स्वच्छतागृह तर आलंच. शिवाय शैक्षणिक सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, इंटर्नशिपची जागा आणि येण्याजाण्यासाठी संस्थेने दिलेलं वाहनही आलं. म्हणजे कॉलेजची बस परिसरात मोडते. कसारा लोकल मोडत नाही. ज्यांचा दिवस गाडीतच सुरू होतो आणि गाडीतच संपतो, त्यांच्यासाठी कॉलेजच्या तक्रार समितीची हद्द स्टेशनच्या अलीकडेच संपते. तिथून पुढे उपयोगाला येतं ते फक्त वर्गात शिकवलेलं. म्हणून या पट्ट्यातल्या कॉलेजांनी लैंगिक हिंसा रोखण्याचं शिक्षण इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यायला हवं.

या शिक्षणाची गरज कुठून सुरू होते, हे इथल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. शहाड स्टेशनच्या एका अंगाला उल्हासनगरचा कॅम्प नंबर एक सुरू होतो. त्याच उल्हासनगरात ३० मार्च १९९० रोजी दहावीची परीक्षा चालू असताना काही तरुण परीक्षेच्या वर्गात शिरले आणि त्यांनी रिंकू पाटील या मुलीला जिवंत जाळलं. ती पेपर लिहीत होती. भोवती बाकं होती, बाकांवर तिच्याच वयाची मुलं होती. त्या पिढीतल्या आयांनी पुढे कित्येक वर्षं मुलींना परीक्षेला सोडताना शाळेच्या फाटकात थांबून राहणं पसंत केलं.

या खुनाला वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव होतं ‘एकतर्फी प्रेम’. हे नाव अजून गेलेलं नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आलं आणि आठवड्याभरात ती गेली, तेव्हाही मथळ्यांतून हाच शब्द डोकावला. तीस वर्षांनंतरही! शब्दाकडे नीट पाहिलं की त्यातला अन्याय दिसतो. हल्ला करणाऱ्याच्या पदरात ‘प्रेम’ आधीच टाकलेलं आहे. उणीव काय, तर फक्त दुसऱ्या तर्फेची. जणू तिने आपला वाटा दिला असता, तर सगळं सुरळीत झालं असतं. कायद्याच्या भाषेत ही गोष्ट पाठलाग म्हणून सुरू होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठीच आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. एखादी स्त्री नको म्हणत असताना तिच्या मागे मागे जाणं, सतत संपर्क साधणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. आपल्या सिनेमांनी मात्र यालाच मध्यंतरापर्यंतची गोष्ट म्हणून विकलं.

मराठीतून हे प्रशिक्षण घेणाऱ्याला पहिल्याच तासाला शब्दांची ही झाडाझडती घ्यावी लागते, आणि ती घेतलीच पाहिजे. ‘पटवली’ म्हणजे काय? या क्रियापदात मुलगी कर्ती नाही, कर्म आहे. ‘लाइन देते’ म्हणजे नेमकं काय देते? ‘हसली म्हणजे फसली’ हे कुणी ठरवलं? ‘छेड काढणं’ कानाला इतकं हलकं का लागतं? वीणेची तार छेडतात, खोडकर पोर छेड काढतं, आणि त्याच शब्दात गर्दीत अंगाला हात लावणं बसवून टाकलं, की तो गुन्हा न राहता गंमत होते. ‘विनयभंग’ हा तर कायद्याच्याच मराठीतला शब्द. हानी झाली ती तिच्या इच्छेची, तिच्या शरीराची, पण शब्द म्हणतो तिच्या विनयाची. या शब्दांवर तासभर बोलणारा वर्ग कायद्याची कलमं पाठ करणाऱ्या वर्गापेक्षा जास्त शिकून उठतो, कारण कलमं परक्याची असतात आणि शब्द आपल्या तोंडातले असतात.

त्यात सगळ्यात जड शब्द ‘संमती’. त्याचा धडा महाराष्ट्राच्या भूमीवरच लिहिला गेला आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे ती राजी होती, असा अर्थ लावण्यात आला. त्याविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र गेलं. ते लिहिणारे चौघे कायद्याचे अध्यापक होते: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. शरण जाणं म्हणजे संमती देणं नव्हे, हा भेद त्यांनी ठणकावून मांडला. त्यातून आंदोलन उभं राहिलं, आणि १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. लैंगिक हिंसेविरुद्धच्या भारतीय लढ्याचं एक उगमस्थान असं कॉलेजच्या अध्यापकांच्या टेबलावर आहे. हे आजच्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे, असं विचारावंसं वाटतं.

समित्यांची कहाणी त्यानंतरची. राजस्थानातल्या भटेरी गावच्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्त्या, भंवरी देवी यांनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या प्रकरणातून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असावी, असं ठरलं. त्याचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. विद्यापीठांसाठीच्या नियमावलीने त्यात एक फार चांगली भर घातली. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल, तर समितीत तीन विद्यार्थी असावेत: पदवीचा एक, पदव्युत्तरचा एक, संशोधक एक. तेही नेमलेले नव्हेत, निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना मात्र समितीत बसता येत नाही, म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता आहे तेच न्यायाला बसणार नाहीत.

बारकावे आणखीही आहेत, आणि विद्यार्थ्यांनी पाठ करावेत असे आहेत. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची, कारण सबळ असेल तर मुदत वाढते. मुलगी स्वतः लिहू शकण्याच्या अवस्थेत नसेल, तर मैत्रीण, नातेवाईक किंवा समुपदेशक तिच्या वतीने लिहू शकतात. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. आणि चौकशी चालू असताना, ज्या प्राध्यापकावर आरोप आहे त्याला तिच्या अभ्यासाचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं. शेवटची तरतूद ज्याने लिहिली, त्याला विद्यार्थिनीची खरी भीती कळली होती. तक्रार दाबली जाते ती बहुधा इज्जतीच्या भीतीने, असं आपण म्हणतो. पण शेवटच्या सत्राला असलेल्या मुलीला आधी आठवतात ते अंतर्गत गुण.

समिती कागदावर असणं आणि तिला काम येणं, यातलं अंतर किती महाग पडतं, ते गोव्यात दिसलं. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, पुढच्या वर्षी त्या विभागप्रमुखाला नोकरीवरून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली, कारण समितीने घाई केली होती आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. त्याच निकालात देशभरातल्या मंत्रालयांत, संस्थांत आणि विद्यापीठांत समित्या खरोखर आहेत का, हे मुदतीत तपासण्याचा आदेश झाला. चौदा वर्षं. त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील, काहींची मुलं शाळेत जात असतील. समितीच्या सदस्यांना चौकशीचं प्रशिक्षण न देणं हे नुसतं दुर्लक्ष नाही. त्याची किंमत तक्रार करणारीच भरते.

पण समिती येते ती घडून गेल्यावर. घडण्याआधी काय, या प्रश्नावर महाराष्ट्रात जे काम झालं, ते आपल्या वाचकांना हवं तितकं माहीत नाही.

१९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली: बायकोला मारणं गैर आहे असं मानणारे पुरुष हवेत. पत्रं आली, माणसं जमली, आणि १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिचं ओळखीचं नाव. बाईवरच्या हिंसेबद्दल पुरुषांशी बोलायचं, हे तेव्हा फारसं कुणाच्या गावी नव्हतं. या मंडळींनी १९९६ पासून ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक काढला. फराळाच्या ताटाशेजारी पुरुषपणाची चर्चा मांडायचं धाडस त्यात होतं. २००६ मध्ये त्यांनी ‘युवा मैत्री’ हा उपक्रम पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमधून, राष्ट्रीय सेवा योजनेच्या साथीने सुरू केला. कॉलेजातलीच काही मुलं निवडायची, निवासी शिबिरात त्यांच्याशी मोकळेपणी बोलायचं, आणि मग त्यांनीच आपापल्या मित्रांत हे बोलणं न्यायचं. पाहुण्या वक्त्यापेक्षा कट्ट्यावरच्या मित्राचं ऐकलं जातं, इतकं साधं गणित त्यामागे होतं.

त्याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधून ‘कोरो’ आणि पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थांचा ‘यारी-दोस्ती’ हा कार्यक्रम आकाराला आला. ब्राझीलमधल्या तरुणांसाठी तयार झालेला अभ्यासक्रम त्यांनी इथल्या मुलांच्या भाषेत आणला. भिंतींवर ‘सहमत’ आणि ‘असहमत’ अशा चिठ्ठ्या लावायच्या, एक विधान वाचायचं आणि प्रत्येकाने उठून आपल्या बाजूला जाऊन उभं राहायचं, ही अशा कार्यक्रमांची हुकमी पद्धत. विधान ऐकताना सगळे एका कोपऱ्याकडे वळतात, कारण दोस्त तिकडे वळलेले असतात. मग का वळलास, असं विचारलं की एखाद्याचे पाय घुटमळतात. बदल सुरू होतो तो अशा घुटमळण्यात. पुढे ‘परिवर्तन’ या कार्यक्रमाने मुंबईतल्या शाळांचे क्रिकेट प्रशिक्षक धरले. नेटमध्ये कोपर कसं ठेवायचं हे ज्याचं ऐकतो, त्याच सरांनी मुलींबद्दल कसं बोलायचं हेही सांगितलं, तर ते मुलाच्या डोक्यात राहतं.

या सगळ्यांच्या तुलनेत आपल्या बहुतेक कॉलेजांत काय होतं? ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी सभागृहात व्याख्यान. पोलीस ठाण्याच्या मॅडम येतात, कळकळीने बोलतात, ११२ हा क्रमांक सांगतात, दामिनी पथकाची माहिती देतात. शेवटी कराटेची दोन प्रात्यक्षिकं. श्रोत्यांत मुलीच असतात, कारण मुलग्यांना त्या तासाला सोडलेलं असतं. यातली एकही गोष्ट वाईट नाही, फक्त ती प्रतिबंधाचा भार पुन्हा त्याच उजव्या बाजूच्या यादीवर चढवते. आणि अनोळखी माणसाची भीती घालते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी मात्र वर्षानुवर्षं सांगते आहे, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसापुढे कराटे आठवत नाही. तिथे अडतं ते ‘याला दुखवू कसं’, ‘माझंच काही चुकलं का’ या विचारांपाशी.

कॅनडातल्या शार्लीन सेन या मानसशास्त्रज्ञ नेमक्या याच अडण्यावर काम करतात. तिथल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला तीन-तीन तासांची चार सत्रं: ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, मनातला संकोच कसा बाजूला सारायचा, विरोध कसा करायचा, आणि स्वतःला नात्यात काय हवं आहे. दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रकं. वर्षभराने पाहिलं, तेव्हा पत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं. बारा तासांच्या गटात ते ५.२ होतं. आपल्याकडच्या सूचनाफलकांवर लावलेल्या पत्रकांकडे पाहताना हे दोन आकडे आठवावेत. अर्थात हेही शिक्षण मुलींचंच. बारा तास मुलींना द्यायचे तर निदान तितकेच मुलग्यांनाही द्यायला हवेत, नाही तर ज्याने थांबायचं आहे तो बाहेर क्रिकेट खेळत राहील आणि जिने सावध राहायचं आहे ती आत बसून राहील.

तिसरी बाजू पाहणाऱ्यांची. २७ जून २०२३ रोजी पुण्यात सदाशिव पेठेत भरदिवसा एक तरुण कोयता घेऊन कॉलेजच्या मुलीमागे धावला. बघे पुष्कळ होते. लेशपाल जवळगे हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा आणि आणखी एक-दोघे मधे पडले, आणि ती वाचली. महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण हे उदाहरण वर्गात ठेवताना जपून ठेवावं लागतं. कोयता धरायची ताकद प्रत्येकात नसते आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये. जगभरच्या प्रशिक्षणांत पाहणाऱ्याला पाच वाटा शिकवतात: लक्ष दुसरीकडे वळवणं, मदतीला कुणाला बोलावणं, घडतं आहे त्याची नोंद ठेवणं, नंतर तिच्याजवळ जाऊन विचारणं, आणि सुरक्षित असेल तरच थेट बोलणं. शहाडच्या पुलावर यातली पहिली वाट अशी दिसते: कुणी मुलीला अडवून बोलत उभा आहे, ती कठड्याकडे सरकते आहे. मागून येणाऱ्याने तिच्याकडे पाहून म्हणायचं, ‘‘अगं, चल की, प्रॅक्टिकलला उशीर होतोय.’’ ओळख असायची गरज नाही. त्या एका वाक्याने तिला निघायला जागा मिळते आणि भांडणही होत नाही. हे वाक्य ऐनवेळी सुचत नाही. आधी चार वेळा म्हणून पाहिलेलं असलं, तरच तोंडातून निघतं.

कोयत्याच्या कितीतरी आधी अशा जागा असतात. कट्ट्यावर कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, ‘‘हे बघ.’’ डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदलेल्या गुन्ह्यात पंधरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचारांसाठी तेहतीस जण आरोपी होते. सुरुवात तिच्या मित्राने काढलेल्या व्हिडिओपासून आणि त्या व्हिडिओच्या धमकीपासून झाली, असं तक्रारीत होतं. तो व्हिडिओ एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, तर प्रत्येक वेळी ‘हे बघ’ म्हणणारा एक होता आणि पाहणारा एक. न्याय संहितेचं कलम ७७ सांगतं, की चित्र काढायला तिने होकार दिला असला, तरी ते दुसऱ्याला दाखवायला दिलेला नसेल, तर पाठवणारा गुन्हेगार ठरतो. पहिल्या वर्षाच्या किती मुलांना हे माहीत आहे? ज्याला माहीत आहे, तो निदान फोन खाली ठेवू शकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले आणि स्टेशन तासन् तास बंद राहिलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते प्रकरण स्वतःहून हाती घेतलं आणि सुनावणीत भर दिला तो मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्यावर. त्या दिवशी रुळांवर उभ्या असलेल्या तरुणांचा संताप खरा होता. त्यातले अनेक याच पट्ट्यातल्या कॉलेजांत शिकणारे असतील. त्या संतापाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत करण्यासारखं काही देणं, हे त्यांच्या शिक्षकांचं काम आहे.

वेळ कुठून आणायचा, ही प्राचार्यांची नेहमीची अडचण असते, आणि ती खोटी नाही. सत्र पद्धतीत परीक्षांतून मान वर काढायला मिळत नाही. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं आणि त्याशिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. बंधारा बांधायचा, रस्ता झाडायचा, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणायची. मुलगे आणि मुली दोन्ही तिथे असतात, घाई नसते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत भीडही चेपलेली असते. संध्याकाळचे दोन तास रोज धरले, तर सात दिवसांत चौदा तास होतात.